बालीत भाजलेला मासा कसा मागवावा आणि कसा खावा

गोव्यात 1 जून ते 31 जुलै या काळात मासेमारीवर बंदी असते आणि त्याच महिन्यांत बालीत कोरडा हंगाम चालू असतो. त्यामुळे त्या सुमारास तिकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांनी सहलीतला एक दिवस भाजलेल्या माशासाठी राखून ठेवावा, असे मी आवर्जून सुचवते. इंडोनेशियन भाषेत ‘इकान’ म्हणजे मासा आणि ‘बाकार’ म्हणजे भाजलेला. बालीच्या दक्षिण भागात, विमानतळाजवळचा जिंबारानचा किनारा यासाठी प्रसिद्ध असून उलुवाटूचे मंदिर पाहून परतताना तो वाटेवरच लागतो. तिथे वर्षभर सूर्यास्त साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो, म्हणून पाचच्या सुमारास पोहोचावे. उशीर झाला की वाळूतली पुढची टेबले भरलेली असतात आणि निखाऱ्यांवरही गर्दी होते.

मासा मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात बर्फावर मांडलेला मासा निवडून तिथेच भाजून घेता येतो. नाहीतर शेजारच्या केडोंगानान मासळी बाजारात मासा विकत घेऊन लगतच्या छोट्या खाणावळीत मजुरी देऊन भाजून घेता येतो. सोबत वयस्कर माणसे असतील तर पहिला मार्ग सोयीचा. मला स्वतःला दुसरा आवडतो, कारण म्हापशाच्या बाजारात आईच्या मागे फिरताना जे शिकले ते तिथे जसेच्या तसे उपयोगी पडते: कल्ला उचलून आतला रंग लाल आहे का पाहावे, डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, अंगावर बोट दाबले की खळगा लगेच भरून यावा. नावे तेवढी निराळी आहेत. आपला तांबोसो तिथे ‘काकाप मेराह’, चोणक ‘काकाप पुतिह’, गोबरो ‘केरापू’, इसवण ‘तेंगिरी’, बांगडा ‘केम्बुंग’ आणि माणकी ‘चुमी’. भाजण्यासाठी तांबोसो किंवा गोबरो घ्यावा, कारण त्यांचे मांस जाड असल्याने आचेवर ते लवकर कोरडे पडत नाही.

सर्वांत जास्त लक्ष तराजूपाशी द्यावे. फलकावरचा भाव पुष्कळदा किलोचा नसून ‘ओन्स’चा असतो आणि इंडोनेशियात बोलीभाषेत एक ओन्स म्हणजे 100 ग्रॅम. समजा फलकावर 25,000 रुपिया लिहिले आहे आणि तो भाव ओन्सचा आहे, तर किलोला अडीच लाख रुपिया पडतात. पहिल्या खेपेस मी ही खूण न ओळखता दोन मोठे मासे आणि वर कोळंबी सांगून बसले. बिल हाती आल्यावर आमच्या त्या दिवसाच्या खर्चाचा सगळा हिशेब कोलमडला. म्हणून भाव ओन्सचा की किलोचा, हे आधी विचारावे, ओली टोपली ठेवल्यावर काटा शून्यावर आणायला सांगावे आणि वजन स्वतः वाचून कागदावर लिहून घ्यावे. हे वजन डोके, काटे आणि पोटातल्या घाणीसकट असते, त्यामुळे चार माणसांना एक-सव्वा किलोचा एक मासा आणि सोबत थोडी माणकी पुरते. भाताचे आणि मसाल्याचे पैसे वेगळे आहेत का, कर व सेवाशुल्क वर लागणार का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

त्यानंतर मसाल्याचे ठरवावे. मासा पाठीतून किंवा पोटातून चिरून उघडतात, दोन जाळ्यांच्या पकडीत धरतात आणि नारळाच्या सोडणांच्या किंवा करवंटीच्या निखाऱ्यांवर भाजताना त्याला पुन्हा पुन्हा लेप लावतात. त्या लेपात लसूण, मिरची, तेल आणि बहुधा ‘केचाप मानिस’ असते. सोयाबीन आंबवून गुळासह केलेला हा दाट काळा रस माडाच्या गुळाच्या काकवीची आठवण करून देतो. आपल्या जिभेला तिखट-आंबट माशाची सवय असल्यामुळे पूर्ण मासा या गोड लेपात खाणे काहींना जड जाते. माझा सल्ला असा, की दोन लहान मासे घेऊन एक केचाप लावून आणि दुसरा ‘बुम्बू कुनिंग’ म्हणजे हळदीच्या पिवळ्या वाटणात भाजून घ्यावा. तिखट नको असेल तर ‘तिदाक पेदास’ म्हणावे.

सोमवारी किंवा एकादशीला मासे न खाणारे कुणी सोबत असेल, तर एक सावधगिरी आवश्यक आहे. तिथल्या चटण्यांत आणि कांगकुंग नावाच्या पालेभाजीतही ‘तेरासी’ घालतात. ती आंबवलेल्या बारीक कोळंबीची वडी असते, आणि तिचा वास आपल्या गालम्याच्या, म्हणजे सुक्या जवळ्याच्या, कुळातला असला तरी वाटणात मिसळल्यावर ती ओळखू येत नाही. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीविना, असे स्पष्ट सांगावे आणि त्यांच्यासाठी तळलेले तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, व साधा भात मागवावा.

मासा यायला किमान अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात शहाळे प्यावे आणि घाई करू नये, कारण मोठी आच दिली की वरचा गोड लेप करपतो आणि काट्यालगतचे मांस कच्चे राहते. मासा समोर आल्यावर प्रथम डोक्यामागचा सर्वांत जाड भाग बोटाने उकलून पाहावा. मांस पांढरे होऊन काट्यापासून सहज सुटत असेल तर तो शिजला आहे. काचेसारखे पारदर्शक दिसत असेल तर निःसंकोच परत पाठवावा.

तिथे उजव्या हाताने जेवण्याची पद्धत आहे आणि बोटे धुण्यासाठी लिंबू घातलेले पाणी ठेवतात, ते पिण्याचे नव्हे. भातासोबत हुमण मिळणार नाही; ज्यांना रसाविना भात उतरत नाही त्यांनी ‘सुप इकान’ हे माशाचे सार मागवावे. ‘साम्बाल मताह’ ही कच्ची चटणी मात्र चुकवू नये. कच्चे बारीक कांदे, गवती चहाचा कोवळा गाभा, मिरची आणि लिंबू यांवर खोबरेल तेल घालून ती कालवतात. ती माशावर ओतू नये. भाताचा घास, त्यावर माशाचा तुकडा आणि चिमूटभर साम्बाल असे एकत्र घ्यावे, म्हणजे धुराचा वास दबत नाही. आणि पोटाकडचे मांस संपले म्हणून ताट सरकवू नये: डोळ्याखालची गालफडे उचकटावीत, तिथले दोन गोल, मऊ तुकडे काढावेत आणि त्यातला एक शेजारी बसलेल्या लहान मुलाला द्यावा.