मिरचीची आग का होते आणि झाल्यावर नेमकं काय करायचं

मिरच्या चिरल्या, हात नळाखाली धुतले, आणि तासाभराने डोळा चोळला की संपलं. हात धुतलेले असतात तरी आग होते कारण मिरचीतला जो तिखट पदार्थ आहे, कॅप्सेसिन, तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये मात्र लगेच विरघळतो. खाली जे काही सांगतोय त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीवरून येतं.

दुसरी गोष्ट, आग होते म्हणजे भाजलेलं काहीच नसतं. आपल्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचा एक रिसेप्टर असतो, तो साधारण 43 अंशांच्या वर तापमान गेलं की मेंदूला "चटका बसतोय" असा निरोप पाठवतो, आणि कॅप्सेसिन त्याला चिकटलं की तो तोच निरोप गार असतानाही पाठवतो. डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये हा रिसेप्टर शोधून काढला आणि 2021 चं नोबेल त्यांना मिळालं (आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत विभागून). म्हणूनच आग होत असलेल्या हातावर गरम पाणी अजिबात घ्यायचं नाही, रिसेप्टर आधीच चेतलेला असतो, ऊब मिळाली की अजून भडकतो.

आता मिरची हाताळायची कशी. एक जहाल मिरची उभी चिरून उजेडात धरा, बिया ज्या पांढऱ्या शिरेला लटकलेल्या असतात तिच्यावर बारीक पिवळसर, तेलकट चकाकणारे ठिपके दिसतील, खरा माल तिथे असतो. बियांना लोक उगाच बदनाम करतात, त्यांना तिखटपणा लागतो तो शिरेला चिकटून असल्यामुळे. तर तिखट कमी हवं असेल तर चमच्याच्या कडेने ती शीर खरवडून टाका, नुसत्या बिया झटकून फार फरक पडत नाही. आणि शिजवल्याने तिखट जाईल या भरवशावर पण राहू नका, कॅप्सेसिन साध्या स्वयंपाकाच्या उष्णतेला दाद देत नाही, उलट तापलेल्या तेलात मिरची पडली की ते हवेत उडतं आणि घरभर ठसका लागतो, त्यामुळे आधी खिडकी उघडा.

ग्लोव्हज घातले तर उत्तमच. नाही घातले आणि हात चुरचुरायला लागले तर आधी कोरड्या हातांना खायचं तेल चोळा, नखांच्या कडेला पण, मग भांड्यांच्या साबणाने गार पाण्यात धुवा, लागलं तर पुन्हा एकदा. सॅनिटायझरनेही बरंच निघतं. डोळ्याचं वेगळं आहे, तिथे तेल नाही, दूध नाही, कोणाचेही घरगुती प्रयोग नाहीत, फक्त स्वच्छ पाण्याची धार 10-15 मिनिटं, चोळायचं नाही, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हात नीट साफ करून काढायची आणि तरी दुखत राहिलं किंवा धूसर दिसलं तर सरळ डॉक्टरकडे.

तोंड भाजलं तर दूध, आणि ते गिळायच्या आधी तोंडात जरा घोळवा. फक्त साय आणि फॅटमुळे फरक पडतो असं नाही, स्किम दूधही चालतं, दुधातलं प्रोटीनही मदत करतं. साखरेनेही थोडं बरं वाटतं. पाणी प्यायलं तर गार आहे तेवढा वेळ बरं, मग परत येरे माझ्या मागल्या.

मिरचीचा तिखटपणा स्कोव्हिलमध्ये मोजतात, 1912 मध्ये विल्बर स्कोव्हिल यांनी काढलेली पद्धत, अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. आता मशिनवर मोजतात. भोपळी मिरची शून्य, हालापेन्यो 2500 ते 8000, 2023 मध्ये विक्रम केलेली पेपर एक्स जवळपास 27 लाख आणि शुद्ध कॅप्सेसिन 1 कोटी 60 लाख. जहाल मिरच्यांचे व्हिडिओ बघून हात शिवशिवत असतील तर हे आकडे आधी वाचा.

हेच कॅप्सेसिन दुखण्यावर पण वापरतात. सांधेदुखीसाठी 0.025 ते 0.1 टक्क्यांची क्रीम मिळते, पातळ थर दिवसातून तीन-चार वेळा, आणि एकदा लावून "काही फरक नाही" म्हणायचं नाही कारण सतत डिवचल्याने नसा हळूहळू सुन्न होतात, त्याला काही आठवडे जातात. सुरुवातीला चुरचुरतं, ते अपेक्षितच आहे. जखमेवर लावू नका, वर शेकायची पिशवी ठेवू नका, लावल्यावर लगेच गरम पाण्याने आंघोळ नको. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या दुखण्यासाठी 8 टक्क्यांचा पॅच असतो, पण तो दवाखान्यातच लावतात. आणि घरी मिरची वाटून त्याचा लेप लावायचा विचार असेल तर सोडून द्या, त्यात किती कॅप्सेसिन आहे याचा कुणालाच पत्ता नसतो आणि कातडीवर फोड येऊ शकतात.

शेवटचा उपयोग पक्ष्यांना दाणे घालणाऱ्यांसाठी. पक्ष्यांच्या रिसेप्टरवर कॅप्सेसिन काम करत नाही, खारी आणि उंदरांच्या करतं. दाण्यांना थोडी मिरची पूड चोळून ठेवली की पक्षी आरामात खातात आणि खार बहुतेक वेळा तोंड फिरवते. पूड चोळताना मास्क लावा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.