बाळ सारखं दूध टाकतंय? आधी वजनकाटा, मग औषध

आमच्या मुलीच्या पहिल्या चार महिन्यांत घरात कोरडं दुपटं म्हणून मिळायचं नाही. पाजून खांद्यावर घ्यायचा अवकाश, की पाठीवरून कोमट ओघळ आलाच. सासूबाई म्हणायच्या, "टाकू दे गं, तान्ही मुलं टाकतातच." शेजारच्या काकूंचं निदान वेगळं: "तुझं दूध पचत नाहीये तिला, वरचं सुरू कर." आणि मी रात्री दोन वाजता एका हाताने बाळ थोपटत दुसऱ्या हाताने मोबाइलवर 'रिफ्लक्स', म्हणजे पोटातलं अन्ननलिकेत वर येणं, शोधायचे. सासूबाई बरोबर होत्या, हे पटायला मला दोन महिने आणि औषधाची एक बाटली लागली.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. गिळताना ती उघडते, एरवी मिटलेली राहते. बाळांची ही कडी नको तेव्हा सैल पडते. त्यात खाणं सगळं पातळ आणि दिवस सगळा आडवा. त्यामुळे निम्म्याहून जास्त तान्ही बाळं रोज थोडंफार दूध बाहेर काढतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं. बाळ बसायला लागलं, घट्टसर खायला लागलं की कमी होत जातं, आणि वर्षाचं होईपर्यंत दहातल्या नऊ बाळांचं थांबतं. आपण सरसकट 'अ‍ॅसिडिटी' म्हणतो खरं, पण पाजल्यावर लगेच जे येतं ते बहुतेक दूधच असतं, कारण दुधामुळे जठरातल्या आम्लाचा जोर तेवढा वेळ कमी झालेला असतो.

१. टाकलेलं मोजू नका, वाढलेलं मोजा

एक प्रयोग करून पाहा. चहाच्या चमच्याने एक चमचा, म्हणजे साधारण 5 मिली दूध, कोरड्या दुपट्यावर ओता. डाग चांगला तळहाताएवढा पसरतो. "सगळंच टाकलं हो हिने" असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते दोन-तीन चमचे असतात.

खरा हिशोब वजनाचा. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं, म्हणजे आठवड्याला 200 ग्रॅमच्या आसपास. लसीकरणासाठी 6, 10 आणि 14 आठवड्यांना जातोच आपण. तेव्हा वजन कार्डावर लिहून घ्या आणि तिथला आलेख भरून मागा. मधे करायचं झालं तर काटा तोच हवा आणि अंगावर कपडे नकोत. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होतायत, वजन चढतंय, बाळ टाकून झाल्यावर हसतंय? मग काम धुणं-वाळवण्याचं आहे, इलाजाचं नाही.

२. या खुणा दिसल्या तर घरगुती काही करत बसू नका

हिरवी उलटी झाली तर त्याच वेळी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. आतडं अडकल्याची ती खूण असू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर उलटी पिचकारीसारखी लांब उडायला लागली, दर पाजण्यानंतर व्हायला लागली आणि बाळ लगेच पुन्हा भुकेलं दिसलं, तर जठराचं पुढचं तोंड अरुंद असण्याची शक्यता असते. त्यावर छोटी शस्त्रक्रिया लागते आणि मूल बरं होतं. उलटीत किंवा शीमध्ये रक्त, फुगलेलं पोट, वर आलेली टाळू, ताप, सुस्ती, लघवी कमी होणं, दूध घ्यायलाच नकार, खोकत-गुदमरत पिणं, वजन न वाढणं, या सगळ्यांत डॉक्टर आधी. सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला किंवा वर्ष उलटून गेलं तरी थांबला नाही, तरीही दाखवा.

३. पाजण्याची पद्धत बदला

अंगावर पिणाऱ्या बाळाचं अंगावरचं तोडायचं नाही, हे आधी. बाळाने स्तनाग्राभोवतीचा काळा भागही नीट तोंडात घेतलाय ना, ते पाहा. नुसतं टोक धरलं की हवा जाते. दूध जोरात येत असेल तर मागे रेलून पाजा, धार मंदावते. आमच्याकडे एवढ्याने बराच फरक पडला.

बाटलीचं दूध असेल तर जास्त पाजलं जातं, हे पहिलं कारण समजा. दिवसाला किलोमागे 150 मिली हा ढोबळ हिशोब: 5 किलोच्या बाळाला दिवसभरात 750 मिली. ते आठ वेळांत वाटलं तर एका वेळी शंभरच्याही आत. संपलंच पाहिजे हा हट्ट सोडा. बाटली उलटी धरल्यावर थेंब-थेंब पडायला हवेत, धार नको. पावडर डब्यावरच्या मापानेच घाला. दूध दाट करण्यासाठी रवा, तांदळाची पिठी वगैरे मनाने मिसळू नका. दाट दूध कधीकधी देतात, पण डॉक्टर सांगतील ते आणि तेवढंच. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत तर अजिबात नाही.

ढेकर काढावी, पण पाठ बडवत अर्धा तास फेऱ्या मारू नयेत. चंदीगडला झालेल्या एका चाचणीत ढेकर काढलेल्या बाळांनी उलट जास्त दूध टाकलं होतं! पाच मिनिटांत आली तर आली.

४. पाजल्यानंतरचा अर्धा तास

बाळाला 20-30 मिनिटं उभं धरा, छातीशी, पोटावर दाब न येता. खुर्चीत किंवा कारसीटमध्ये बसवणं म्हणजे उभं धरणं नव्हे. तिथे बाळ घडी पडल्यासारखं होतं आणि पोट दाबलं जातं. लंगोट पाजण्याआधी बदला, कारण पाय वर उचलले की दूध वर येणारच. मालिश आणि अंघोळही आधीच. लंगोटाची गाठ सैल हवी. अंघोळीनंतरची धुरी बंद करा, आणि घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल तर तीही. धुराने रिफ्लक्स वाढतो. बाळंतिणीने मिशरी लावली तर तंबाखू दुधातून बाळापर्यंत जाते, हेही सांगायलाच हवं.

५. झोपवताना पाठीवरच

इथे बहुतेक घरांत वाद होतो. "पाठीवर झोपवलं आणि उलटी श्वासात गेली तर?" बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर चढ चढावा लागतो. पालथं केलं की हे उलटं होतं. शिवाय पालथं झोपवण्याने झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर. उशी, गादीखाली टेकू, उताराची पाळणी, काहीही नको. झोळीत तर हनुवटी छातीला टेकते. रात्रभराच्या झोपेला ती जागा नव्हे.

६. औषधाच्या बाटलीआधी

आम्ला​वरची औषधं दूध टाकणं थांबवत नाहीत, फक्त वर येणाऱ्याची आंबटाई कमी करतात. नुसतं टाकणाऱ्या किंवा रडणाऱ्या धट्ट्याकट्ट्या बाळाला त्यांचा उपयोग नाही, उलट पोटाचे आणि छातीचे संसर्ग वाढू शकतात. अन्ननलिकेला खरंच इजा झाली असेल तिथे ती ठरावीक आठवडे देतात. उलटीवरच्या डॉम्पेरिडोन या औषधाचे थेंब आपल्याकडे सहज लिहून दिले जातात; त्यांचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. पोटदुखीच्या थेंबांच्या बाटलीवर 'डायसायक्लोमिन' लिहिलं असेल तर सहा महिन्यांखालच्या बाळाला देऊच नका, श्वास अडू शकतो. डॉक्टरांनी दिलेलं परस्पर बंद करू नका, पण विचारा: हे कशासाठी, किती दिवस, आणि न दिलं तर काय होईल? माझ्या तिसऱ्या प्रश्नावर डॉक्टर हसले आणि म्हणाले, "काही नाही." तेव्हा बाटली अर्धी संपलेली होती.

गुटीची सहाण कितीही घासूनपुसून ठेवली तरी सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको. ग्राइप वॉटरही नको. मध तर वर्षापर्यंत नाहीच, त्यातून बॉट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

टाकण्याबरोबर अंगावर चट्टे, शीमध्ये रक्त किंवा चिकट आव, सतत रडणं असेल तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते. मग डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर बंद करायला सांगतात. फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करायचं. म्हशीचं किंवा शेळीचं चालेल असं नाही, त्यातली प्रथिनं पुष्कळशी सारखीच. डॉक्टरांनी सांगण्याआधीच बाळंतिणीचं अर्धं ताट रिकामं करू नका.

डॉक्टरकडे जाताना त्रासाचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात बाळ हमखास शहाण्यासारखं वागतं. बाळाच्या गळ्याशी एक आणि तुमच्या खांद्यावर एक अशी मलमलची जुनी धोतरं फाडून केलेली डझनभर फडकी ठेवा. रात्रीचं एक पाजणं झालं की पुढचा उभं धरायचा अर्धा तास बाबांकडे द्या. आमच्याकडे तो अर्धा तास क्रिकेटच्या जुन्या सामन्यांवर निघाला. नवव्या महिन्यात मुलगी टाकायची थांबली, सामने अजून चालू आहेत.