सर्व्हिस रेकॉर्डमधली 'रेप्रिमांड' काढून घेण्यासाठी काय करावे

नाईकाची रजा चार दिवस जास्त झाली. परतल्यावर सीओ (कमांडिंग ऑफिसर, म्हणजे युनिटप्रमुख) साहेबांसमोर पेशी झाली, 'सिव्हिअर रेप्रिमांड', म्हणजे नोंदीवर जाणारी कडक ताकीद, मिळाली आणि पाच मिनिटांत तो बाहेर आला. त्याला वाटलं, स्वस्तात सुटलो. ना क्वार्टर गार्डची कोठडी, ना दंड. पुढे बढतीची यादी लागली. मागून भरती झालेल्याचं नाव तिच्यात होतं, याचं नव्हतं. कंडक्ट शीटवरची, म्हणजे शिक्षांच्या नोंदपत्रकावरची, लाल शाईची ती ओळ त्या दिवशी त्याने पहिल्यांदा नीट वाचली.

युनिटच्या ऑफिसात क्लर्क म्हणून मी असे बरेच अर्ज टाइप केले आहेत. जे परत आले त्यांतल्या बहुतेकांत एकच दोष होता. जवानाने आपलं दुःख लिहिलेलं असायचं, शिक्षेत चूक कुठे झाली ते लिहिलेलं नसायचं. 'मी प्रामाणिक आहे, पंधरा वर्षं नोकरी केली, माझ्यावर अन्याय झाला' हे सगळं खरं असलं तरी वरच्या अधिकाऱ्याला त्यावर सही करून शिक्षा रद्द करता येत नाही. त्याला धरायला काहीतरी नियमातलं हवं असतं. ते कसं शोधायचं आणि कागदावर कसं मांडायचं, ते इथे सांगतो. हे सगळं भारतीय सेनेबद्दल, म्हणजे आर्मी ॲक्ट १९५० बद्दल आहे. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत, त्यामुळे तिथल्या मंडळींनी इथले कलम क्रमांक जसेच्या तसे वापरू नयेत.

आधी पाहा, नक्की मिळालंय काय

'रेप्रिमांड मिळाली' असं सगळेच म्हणतात, पण ती कोणी आणि कोणत्या कलमाखाली दिली यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

सीओंनी स्वतः सुनावणी घेऊन दिलेली शिक्षा कलम ८० खाली येते. जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि अधिकाऱ्यांसाठी ८३, ८४ आणि ८५ ही कलमं आहेत. कोर्ट मार्शलने दिलेली रेप्रिमांड कलम ७१ मधली, आणि तिच्याविरुद्धचा अर्ज कलम १६४ खाली जातो. तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी पहिल्या दिवसापासून वकील धरावा. अधिकाऱ्यांना मिळणारं 'सेन्शुअर', म्हणजे नाराजीपत्र, हे तर आर्मी ॲक्टमधल्या शिक्षांच्या यादीतच नाही. ती प्रशासकीय कारवाई आहे. तिच्यात कारणे दाखवा नोटीस आणि तुमचं उत्तर हेच मुख्य कागद ठरतात.

आता एक गोष्ट, जी पुष्कळ जवानांना माहीत नसते. कलम ८१ प्रमाणे सीओ सिव्हिअर रेप्रिमांड किंवा रेप्रिमांड ही शिक्षा एनसीओच्या खालच्या माणसाला देऊच शकत नाहीत. नाईक, हवालदार यांना देता येते, शिपायाला नाही. तुम्ही त्या वेळी शिपाई होता आणि कंडक्ट शीटवर कलम ८० ची रेप्रिमांड लिहिलेली असेल, तर तुमच्या अर्जाचा पहिला मुद्दा तयार आहे. उलट एनसीओला कलम ८० खाली कैद, डिटेन्शन, लाइन्समध्ये बंदी किंवा जादा ड्यूटी देता येत नाही. म्हणून गुन्ह्याच्या दिवशी आपला रँक काय होता, ते पार्ट टू ऑर्डरवरून (जवानाच्या नोंदी अधिकृतपणे जाहीर करणाऱ्या युनिटच्या आदेशावरून) पक्कं करून घ्या. आठवणीवर जाऊ नका.

कागद गोळा करा

अर्ज लिहायला बसण्याआधी पुढचे कागद हातात हवेत: कंडक्ट शीटची प्रत, ऑफेन्स रिपोर्ट किंवा चार्जशीट, सुनावणीची नोंद, शिक्षेची पार्ट टू ऑर्डर, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी (खात्यांतर्गत चौकशी) झाली असेल तर तिची कार्यवाही. आधी कंपनी कमांडरांकडे साध्या लेखी अर्जाने मागा. हेड क्लर्कशी नीट बोललात तर अर्धे कागद तिथेच बघायला मिळतात. नाहीच मिळाले तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे. १० रुपये शुल्क, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक.

कंडक्ट शीट हातात आली की प्रत्येक रकाना बोट ठेवून वाचा. गुन्ह्याची तारीख, ठिकाण, कलम, साक्षीदारांची नावं, शिक्षेची तारीख, शिक्षा देणाऱ्याची सही. एका हवालदाराच्या शीटवर ज्या तारखेचा गुन्हा लिहिला होता, त्या तारखेला तो सरकारी ड्यूटीवर दुसऱ्या स्टेशनला होता. मूव्हमेंट ऑर्डर त्याच्या ट्रंकेत तळाला, विमा पॉलिसीच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली सापडली. तीन वर्षं तो 'माझ्यावर डूख धरला' एवढंच सांगत होता. त्या एका कागदाने जे झालं ते त्या सगळ्या सांगण्याने झालं नव्हतं.

चूक शोधा

कलम ८७ मध्ये तीन शब्द आहेत, आणि तुमचा अर्ज त्यांपैकी निदान एकावर उभा राहायला हवा. शिक्षा बेकायदा आहे, अन्यायकारक आहे किंवा प्रमाणाबाहेर आहे असं वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्याला दिसलं, तर तो ती रद्द करू शकतो, बदलू शकतो किंवा कमी करू शकतो. सीओंनी दिलेल्या शिक्षेबाबत 'वरिष्ठ' म्हणजे कमांडमध्ये त्यांच्या वरचा अधिकारी. साधारणपणे ब्रिगेड कमांडर.

बेकायदा ठरण्याची सगळ्यात मोठी जागा सुनावणीत असते. आर्मी रूल्स १९५४ चा नियम २२ सांगतो की आरोप सीओंनी आरोपीच्या समोर ऐकायचा. आरोपीला साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची, स्वतःचे साक्षीदार बोलावण्याची आणि बचावाचं निवेदन करण्याची पूर्ण मोकळीक असते. आता खरं सांगा, तुमच्या पेशीत काय झालं? कोणी साक्ष दिली का? 'काही विचारायचं आहे का' असं तुम्हाला विचारलं का? तुम्ही ज्याचं नाव घेतलं त्या माणसाला बोलावलं का? या प्रश्नांची उत्तरं आजच, आठवतंय तोवर, तारीख घालून वहीत लिहून ठेवा.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीतून आरोप निघाला असेल आणि नियम १८० पाळला गेला असेल, तर सीओ नियम २२ मधली ही सुनावणी टाळू शकतात. पण नियम १८० म्हणजे काय? ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर बोट ठेवलं जातंय, त्याला चौकशीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर राहू द्यायचं, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यायचे, आपले साक्षीदार आणू द्यायचे. तुम्हाला फक्त स्वतःचा जबाब द्यायला आत बोलावलं आणि बाहेर पाठवलं असेल, तर नियम १८० पाळला गेला नाही. हा मुद्दा अतिशय वजनदार आहे. तो अर्जाच्या मध्यात कुठेतरी दडवू नका.

मग कलमाचे शब्द पाहा. रजेवरून उशिरा येण्याचं कलम ३९ आहे, आणि त्यात 'पुरेशा कारणाशिवाय' हे शब्द आहेत. आई आयसीयूत होती, तुम्ही रजा वाढवून मागायला युनिटला फोन केला होता आणि हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड तुमच्याकडे आहे, तर तुम्ही दयेची याचना करत नाही आहात. कलमात सांगितलेला गुन्हा घडलाच नाही, असं तुमचं म्हणणं आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

'प्रमाणाबाहेर' हा मुद्दा मी शेवटी ठेवतो. आधीची स्वच्छ कंडक्ट शीट, मेडल, फील्डमधली सेवा हे सगळं इथे उपयोगी पडतं, पण एकटं पुरत नाही.

अर्ज लिहा

दोन पानांच्या वर जाऊ नका. पहिल्या परिच्छेदात नंबर, रँक, नाव, शिक्षा, तारीख, कलम आणि काय हवंय ते. मग घटनाक्रम तारखेनुसार. मग मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक परिच्छेद आणि प्रत्येक परिच्छेदाला एक सहपत्र.

असं लिहू नये: 'साहेबांनी माझं काहीही ऐकून न घेता मला मुद्दाम शिक्षा दिली, त्यामुळे माझं कुटुंब उद्ध्वस्त झालं.'

असं लिहावं: 'सुनावणीच्या वेळी मी रजेवाढीसाठी केलेल्या फोनबाबत ड्यूटी एनसीओला साक्षीसाठी बोलावण्याची विनंती केली. सुनावणीच्या नोंदीत (सहपत्र ३) या विनंतीचा उल्लेख नाही आणि सदर साक्षीदार बोलावला गेला नाही. त्यामुळे नियम २२ ने दिलेली बचावाची संधी मला मिळाली नाही.'

दुसऱ्या नमुन्यात कोणाच्या हेतूवर एक शब्दही नाही. याला कायद्याचंही कारण आहे. कलम २६ किंवा २७ खालच्या तक्रारीत कोणाच्या चारित्र्यावर जाणूनबुजून खोटं विधान केलं, तर कलम ५६ प्रमाणे तो गुन्हा होतो आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सिद्ध करता येईल तेवढंच लिहा.

शेवटी मागणी स्पष्ट लिहा: शिक्षा कलम ८७ खाली रद्द करावी, कंडक्ट शीटवरची नोंद काढावी, आणि त्या नोंदीमुळे बढती अडली असेल तर तिचा फेरविचार व्हावा. बढतीचं वेगळं मागितलं नाही, तर ते आपोआप मिळेल असं समजू नका.

अर्ज पुढे पाठवा

अर्ज कंपनी कमांडरांच्या हातूनच, प्रॉपर चॅनलने जातो. जेसीओ आणि जवानांची वैधानिक तक्रार कलम २६ खाली, अधिकाऱ्यांची कलम २७ खाली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेच ती घेणारे अधिकारी असतील, तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी करायची, हे त्याच कलमात लिहिलं आहे. आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

सुभेदार मेजर साहेबांना आधी जाऊन भेटा. लपूनछपून काही करायचं नाही, आणि चांगला एसएम अर्ज वाचून कुठे बोट ठेवलं जाईल ते तिथल्या तिथे सांगतो. व्हिडिओ करून मोबाइलवर फिरवू नका, पेपरवाल्यांकडे जाऊ नका. आर्मी रूल्सच्या नियम २१ मध्ये त्यावर बंधन आहे. एका नोंदीपायी गेलेला माणूस दुसरी घेऊन येतो, हे बघवत नाही.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर

मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांसाठीचं न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईला आहे, आणि निवृत्त सैनिकालाही तिथे जाता येतं. ट्रिब्युनलच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे आधी खात्यातले उपाय संपवावे लागतात. तक्रार देऊन सहा महिने झाले आणि अंतिम आदेश आला नाही, तर ते संपले असं धरतात. अंतिम आदेश आल्यापासून सहा महिन्यांत, किंवा आदेशच न आल्यास ते वाट पाहण्याचे सहा महिने संपल्यावर पुढच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशिराचं सबळ कारण असेल तर ट्रिब्युनल तो माफ करू शकतं, पण त्यावर विसंबू नका. दोन्ही तारखा कॅलेंडरवर आजच गोल करा.

वकिलाला पहिला प्रश्न अधिकारक्षेत्राचा विचारा. कायद्यातल्या सेवाविषयक बाबींच्या व्याख्येत 'समरी' (संक्षिप्त) कारवाईचा उल्लेख बडतर्फीच्या शिक्षेसंदर्भात आहे, त्यामुळे नुसत्या रेप्रिमांडवर सरकारी वकील हरकत घेऊ शकतो. त्या हरकतीचं उत्तर अर्ज दाखल करतानाच तयार हवं.

लाल शाईच्या नोंदी मोजून घरी पाठवण्याची नोटीस आली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल वकिलाला दाखवा. चार लाल नोंदी झाल्या एवढ्यावरच यांत्रिकपणे डिस्चार्ज करता येत नाही. चौकशी हवी, आणि सेवेचा काळ, कठीण ठिकाणची पोस्टिंग या गोष्टी पाहायला हव्यात, असं त्यात म्हटलं आहे.

शिक्षा रद्द झाली, पुढे?

आदेशाची प्रत मिळाली की लोक पेढे वाटतात आणि विसरून जातात. नोंद मात्र एका ठिकाणी नसते. युनिटच्या कंडक्ट शीटवर असते, पार्ट टू ऑर्डरने रेकॉर्ड ऑफिसला गेलेली असते, आणि पोस्टिंग झाली असेल तर कागद तुमच्याबरोबर नव्या युनिटला पोचलेले असतात. शिक्षा रद्द झाल्याची नवी पार्ट टू ऑर्डर निघाली का, ते हेड क्लर्ककडे विचारा आणि तिचा नंबर लिहून घ्या. महिनाभराने रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकून सुधारित नोंदीची खात्री मागा. पुढच्या बढतीच्या बोर्डाआधी कंडक्ट शीट पुन्हा एकदा स्वतः उघडून पाहा. ती ओळ खोडून त्यावर आदेशाचा क्रमांक, तारीख आणि अधिकाऱ्याची सही असली पाहिजे.