मुहूर्त ११ वाजून ४३ मिनिटांचा असेल तर

लग्नपत्रिका छापायला टाकण्याआधी गुरुजींना एक गोष्ट विचारून घ्या: हा मुहूर्त कुठल्या गावासाठी काढलाय? घर मुंबईला आणि कार्यालय नागपूरला असेल, तर प्रश्न फुकटचा नाही. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण नागपूरला सूर्य मुंबईच्या साधारण २५ मिनिटं आधी मावळतो, म्हणून गोरज मुहूर्तही तेवढा अलीकडे येतो. भर दुपारच्या अभिजित मुहूर्ताचंही तसंच. मुंबईत डोक्यावर सूर्य यायला सरासरी १२ वाजून ३९ मिनिटं होतात, नागपूरला १२ वाजून १४. गुरुजी गावानुसार वेळ काढून देतात, पण गाव त्यांना आपणच सांगायचं असतं.

मग जी वेळ निघेल तीच छापा. ‘लोक उशिराच येतात’ म्हणून अर्धा तास अलीकडची वेळ टाकणारी घरं असतात. या शहाणपणात सापडतात ती वेळेवर येणारी चार माणसं. बिचारी रिकाम्या खुर्च्यांमध्ये सनईची रेकॉर्ड ऐकत बसतात आणि पुढच्या कार्याला तीही निवांत येतात. त्यापेक्षा मुहूर्ताखाली साधी ओळ घाला: ‘मंगलाष्टकं ११.२८ ला सुरू होतील.’ लोक ती वाचतात.

खरं सांगू का, पाहुण्यांमुळे मुहूर्त टळलेला मी अजून पाहिला नाही. पाहुणे नसले तरी अंतरपाट खाली येतो. टळतो तो घरच्यांमुळे. म्हणून तयारी करायची ती आपल्या माणसांची.

त्यासाठी दिवस उलटा मोजायचा. ११.४३ ला अक्षता, तर ११.२५ ला मुलगी बोहल्याशी हवी. त्याआधी मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसून ती गौरीहरापाशी बसणार, म्हणजे १०.४५. साडी, अंबाडा, मुंडावळ्या, फोटोवाल्याचं ‘ताई, एकदाच इकडे बघा’ हे सगळं धरून १०.१५ ला ती पार्लरवालीच्या तावडीतून सुटली पाहिजे. पार्लरवालीला मात्र १०.१५ सांगू नका, ९.४५ सांगा. खोटी वेळ सांगायची परवानगी मी फक्त इथे देते. करवल्यांची वेणीफणी त्याच खोलीत, त्याच आरशासमोर ठेवलीत तर हे सगळं गणित वाया. त्यांना दुसरी खोली द्या.

आता मामा. माझ्या भाचीच्या लग्नात सगळं वेळेत होतं. पुण्यातल्या डीपी रस्त्यावरचं कार्यालय, दाट तिथी, म्हणजे शेजारीपाजारी सगळीकडे लग्नंच. अंतरपाट धरलेला, नवरदेव हार घेऊन उभा, आणि गुरुजी माईकवरून तिसऱ्यांदा सांगतायत, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.’ मामा म्हणजे माझाच धाकटा भाऊ. तो कुठे होता? सोलापूरहून आलेल्या आत्यांना उतरवून गाडी लावायला जागा शोधत होता. शेवटी गाडी तशीच दुसऱ्याच्या ताब्यात देऊन सोवळं सावरत पळत आला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: मुहूर्ताआधी एक तास मामाकडे गाडीची किल्ली नसते. कुणाला आणायचं असेल तर चुलत भाऊ जातात, ती माणसं मुहूर्ताला लागत नाहीत.

मंगलाष्टकांची चिठ्ठी आदल्या रात्रीच करा. शार्दूलविक्रीडित वृत्तातलं एक कडवं म्हणजे चार चरण, प्रत्येकी १९ अक्षरं. चालीवर म्हटलं की दीड मिनिट जातं. आठ हौशी गाणारे आणि गुरुजींची दोन, झाली पंधरा मिनिटं. नववी काकू ऐनवेळी डायरी उघडून उभी राहिली तर तिला नाही म्हणायचं काम कुणाचं, हेही ठरवा; आईवर टाकू नका, ती त्या वेळी रडत असते. ‘तदेव लग्नं’ मुहूर्ताच्या मिनिटाला आलं पाहिजे. गाणारे कमी पडले तर गुरुजी ताणून नेतात, जास्त झाले तर त्यांचाही इलाज चालत नाही.

पूर्वी मुहूर्ताची वेळ मोजायचं काम घटिकापात्र करायचं. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची, ती २४ मिनिटांत भरून बुडली की एक घटका. अशा दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. म्हणून उशीर झाला की ‘अजून वेळ आहे हो’ असं गणित मांडणारे एक काका निघतातच. तुमच्या वेळापत्रकात त्यांना धरू नका.

गावाकडचं लग्न असेल तर खरा वेळ खातो तो परण्या, म्हणजे नवरदेवाची देवळापासून मांडवापर्यंतची मिरवणूक. मारुतीचं देऊळ दहा मिनिटांच्या अंतरावर, पण डीजेपुढे नाचणारी पोरं दीड तास लावतात, आणि मांडवात म्हातारी माणसं मुठीत अक्षता धरून घामाघूम. डीजेवाल्याशी तासांवर नाही, संपण्याच्या वेळेवर बोली करा आणि अर्धे पैसे मागे ठेवा. नवरदेवाला नाचणाऱ्यांच्या पुढे चालवा. मागे राहिला तर तो शेवटी पोचतो. पुढाऱ्यांची आशीर्वादाची भाषणं अक्षतांनंतर. आधी एकाला माईक दिलात की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. वरात रात्रीची असेल तर १० नंतर लाउडस्पीकर बंद, ते वेगळं सांगायला नको.

जेवणाची पहिली पंगत अक्षतांनंतरच वाढायची, हे केटररला आदल्या दिवशी सांगा. ताटं आधी मांडली की मांडव अर्धा रिकामा. पण मधुमेहवाल्यांसाठी साडेदहापर्यंत उपमा आणि चहा चालू ठेवा, उपाशी माणूस घड्याळाकडेच बघत बसतो.

अंतरपाट, अक्षतांच्या पुड्या, दोन्ही हार, मंगळसूत्र आणि गुरुजींची दक्षिणा एका पिशवीत. पिशवी ज्याच्याकडे, त्याचा फोन चार्ज केलेला, आणि त्याने सकाळपासून कार्यालयाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. गजरे आणायलासुद्धा नाही.