प्रोबेशनवरचा धाक कुठे सुटतो? या चुका टाळा

प्रोबेशन म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगात न पाठवता, अटी पाळण्याच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडणं. या अधिकाऱ्याची पहिली चूक अटी लिहितानाच होते. धडगावच्या माणसाला दर आठवड्याला नंदुरबारला हजेरी लावायला सांगायचं आणि दिवाळीनंतर तो गुजरातेत ऊसतोडीला गेला की 'फरार' असा शेरा मारायचा! कामाचा हंगाम, बाजाराचा वार आणि मुकादमाचा नंबर आधीच विचारून घ्या. हजेरी बाजाराच्या दिवशी तालुक्यालाच ठेवता येते का बघा. मुक्काम हलणार असेल, तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 8 खाली अट बदलण्याचा अर्ज तो निघण्यापूर्वी जायला हवा. माणूस पावरी ही आदिवासी बोली बोलणारा असेल, तर अटी त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

सगळ्यात महागात पडते ती चुकांची साठवणूक. पहिली गैरहजेरी 'जाऊ द्या', दुसरीला तोंडी तंबी, तिसरीची डायरीत नोंद आणि चौथीला एकदम वॉरंट. तीनदा खपतं, एवढंच तो शिकतो. अमेरिकेतल्या होनोलुलूत न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी 2004 मध्ये हेच उलटं केलं. अट मोडली की लगेच सुनावणी. कोठडी थोड्याच दिवसांची, पण न चुकणारी.

आपल्याकडे मात्र "दोन दिवस आत टाकतो" अशी धमकी देऊ नका. परिविक्षा अधिकाऱ्याला तो अधिकारच नाही. कलम 9 प्रमाणे समन्स किंवा वॉरंट न्यायालय काढतं. मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते, किंवा पहिल्याच चुकीला 50 रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवता येतं. 50 रुपयांना आज कोण भितो? पण आठवड्याच्या आत न्यायाधीशांसमोर उभं राहावं लागलं, तर त्याचा परिणाम होतो. म्हणून अहवाल त्याच दिवशी लिहा: तारीख, वेळ, मोडलेली अट, कोणी पाहिलं, विचारल्यावर तो काय म्हणाला. नुसत्या 'वर्तन असमाधानकारक'वर काही हलत नाही.

दारू न पिण्याच्या अटीचंही तसंच. 'तोंडाला वास येत होता' हे वकील पाच मिनिटांत उडवून लावतो. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याच्या दारूवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यक्रमात रोज सकाळ-संध्याकाळ श्वासचाचणी घेतात. चाचणीची सोय नसेल, तर ही अट कागदावरच राहते.

आणि सगळी भिस्त धाकावर नको. अमेरिकेत चार ठिकाणी होनोलुलूची पद्धत राबवून पाहिली. 2016 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा पुन्हा अटक होण्याच्या प्रमाणात नेहमीच्या प्रोबेशनपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. गरज असेल तिथे काम शोधून द्यायचा प्रयत्न करणं हे कलम 14 नुसार अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे. हजेरीच्या वहीत त्यासाठी रकाना आखा: काम कुठे, मजुरी किती, कधीपर्यंत. रावेरच्या केळीबागेतलं काम संपत आलंय हे त्यात आधी दिसतं, गैरहजेरी नंतर.