रोबो पाठवण्याआधी भरतीची वेळ बघा

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही गोव्यातल्या दिवाडी बेटावर एका खाजन शेताच्या, म्हणजे भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून केलेल्या शेताच्या, बांधावर बारा सेन्सर नोड (मोजमाप करून ते रेडिओने पाठवणारी बॅटरीवरची छोटी यंत्रे) लावले होते. पाण्याचा खारटपणा आणि पातळी मोजायची, आणि एका नोडकडून दुसऱ्याकडे अशी माहिती मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांजवळच्या, मुख्य पेटीपर्यंत पोचवायची. कुणाची बॅटरी संपली की चार चाकांचा छोटा रोबो बांधावरून जाऊन नवा नोड ठेवून येणार, अशी कल्पना. नोडांचे बिनतारी जाळे आणि ते सांभाळणारा रोबो या विषयात नवीन येणारे बहुधा रोबोपासूनच सुरुवात करतात. मीही केली आणि तीन महिने त्यातच गेले.

सातवा नोड रोज काही तास गप्प व्हायचा. मेला समजून रोबो पाठवला, तर त्याची चाके ओल्या बांधात रुतली. शेवटी नोड हातानेच काढून उघडला. बॅटरी जवळजवळ भरलेली, टोकांवर गंजाचा हिरवा थरही नाही. शेजारी कोरगुट भाताच्या शेतात काम करणारे काका म्हणाले, "बाळा, तो बंद पडतो तेव्हा भरती असते का, बघ."

तसेच होते. पाणी चढले की त्यावरून परावर्तित झालेल्या लहरी थेट येणाऱ्या लहरींना मारक ठरत. अँटेना हातभर वर घेतली आणि नोड बोलू लागला.

तेव्हापासून माझा आग्रह आहे की प्रत्येक संदेशासोबत बॅटरीचे व्होल्टेज आणि सिग्नलची ताकद पाठवाच. व्होल्टेज दिवसेंदिवस उतरत जाऊन नोड थांबला, तर रोबोची गरज आहे. व्होल्टेज ठीक असताना थांबला, तर आधी संपर्क तपासा.

खरोखर आधी मरतात ते मुख्य पेटीजवळचे नोड, कारण सगळ्यांचा निरोप त्यांच्यातूनच जातो. शिवाय नुसते ऐकत राहणेही महाग पडते. अभ्यासात नेहमी भेटणाऱ्या सीसी २४२० रेडिओला पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर लागतात, ऐकताना १८.८. म्हणून नोडला झोपवायला, म्हणजे काम नसताना त्याचा रेडिओ बंद ठेवायला, शिका. रोबोलाच फिरता संग्राहक केले, तर तो जवळ जाऊन माहिती उचलतो आणि पेटीजवळच्या नोडांवरचा भार हलका होतो. मला रोबोचे हेच काम सर्वांत मोलाचे वाटते.

सी भाषा पक्की करा, नोडांचे जाळे संगणकावरच चालवून बघता येते त्या कुजा सिम्युलेटरवर हात बसवा. मग तीन नोड महिनाभर बांधावर ठेवून रोजचे व्होल्टेज भरतीच्या वेळांशेजारी वहीत लिहा. रोबोची पहिली फेरी पाऊस सरून बांध सुकल्यावरच करा.