सॉर्टेडलिस्टमध्ये एकच ‘की’ (key) दोनदा ठेवायची असेल तर

सी शार्पमध्ये गुणवत्ता यादी करायला घेतलेला नवा प्रोग्रामर बहुधा सॉर्टेडलिस्टकडे, म्हणजे की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या कीच्या क्रमाने ठेवणाऱ्या क्लासकडे, वळतो, गुण ही की आणि नाव ही व्हॅल्यू धरतो. पण एक की एकदाच ठेवता येत असल्याने ७२ गुणांचा दुसरा विद्यार्थी येताच तो ॲड मेथडच्या आर्ग्युमेंट एक्सेप्शनपाशी (चूक कळवून काम थांबवणाऱ्या सूचनेपाशी) अडतो. (जावाच्या अशाच ट्रीमॅप क्लासमध्ये पुट ही मेथड तक्रार न करता जुन्या व्हॅल्यूच्या जागी नवी ठेवते, त्यापेक्षा हे एक्सेप्शन परवडले.)

अशा वेळी क्लास इनहेरिट करून (त्यावरून आपला क्लास बनवून) ॲड ओव्हरराइड करावी, म्हणजे तिच्या जागी आपली लिहावी, असे वाटते. जेनेरिक (की व व्हॅल्यूचे प्रकार ठरवून देता येणाऱ्या) सॉर्टेडलिस्टची ॲड व्हर्च्युअल, म्हणजे ओव्हरराइड करू देणारी, नसल्यामुळे ते जमत नाही. न्यू लिहून ती झाकता येते, पण मूळ क्लासच्या प्रकाराच्या व्हेरिएबलवरून कॉल केल्यास जुनीच ॲड चालते.

मग दोन की समान असतानाही शून्याऐवजी १ परत करणारा कंपॅरर (दोन कींची तुलना करून क्रम सांगणारा कोड) लिहिण्याची युक्ती कोणीतरी सुचवतेच. ॲड चालते, फॉरईच यादी क्रमाने छापते आणि काम फत्ते झाल्यासारखे दिसते. तरीही असा कोड रिव्ह्यूला आला तर मी तो परत पाठवतो. सॉर्टेडलिस्ट आतल्या क्रमवार ॲरेमध्ये बायनरी सर्चने (दर वेळी मधल्या कीशी तुलना करून अर्धा भाग सोडत) जागा शोधते आणि की सापडल्याची खूण म्हणजे कंपॅररने दिलेले शून्य. शून्य कधी मिळतच नसल्यामुळे ७२ समोर असूनही कंटेन्सकी फॉल्स सांगते आणि रिमूव्ह काहीच काढत नाही. शिवाय येथे समान गुणांचे नवे नाव जुन्याच्या आधी बसते, तर तोच कंपॅरर सॉर्टेडडिक्शनरी या तशाच क्लासच्या आतल्या रेड-ब्लॅक ट्रीला (स्वतःचा तोल राखणाऱ्या झाडासारख्या रचनेला) दिल्यास ते नंतर बसते.

एका गुणसंख्येची सर्व नावे एकत्रच लागणार असतील, तर सॉर्टेडडिक्शनरीत व्हॅल्यू म्हणून लिस्ट ठेवावी. मात्र काउंट नावे न मोजता वेगवेगळे गुण मोजतो आणि रिकामी झालेली लिस्ट आपणच काढावी लागते, हे ध्यानात असू द्यावे. प्रत्येक नोंद स्वतंत्र हवी असल्यास मी गुण, वाढता अनुक्रमांक आणि नाव यांचा टपल (अनेक व्हॅल्यूंचा एक गट) करून तो सॉर्टेडसेटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या नोंदी क्रमाने ठेवणाऱ्या संचात, ठेवतो. अनुक्रमांक वेगळा असल्याने दोन टपल कधीच समान ठरत नाहीत, कंपॅररला खोटे बोलावे लागत नाही आणि दोन टोकांमधल्या नोंदी देणाऱ्या गेटव्ह्यूबिटवीन मेथडला ७२ गुणांच्या पहिल्या व शेवटच्या शक्य अनुक्रमांकाचे टपल दिले, तर मधली सर्व नावे मिळतात. यादी उतरत्या क्रमाने हवी असेल तर सेट उलटा फिरवू नये, कारण त्याबरोबर अनुक्रमांकही उलटतात. त्याऐवजी गुण उणे चिन्ह लावून साठवावेत.